हमरोकुल बुवांचे दोन्ही हात

आमच्या जिल्ह्याची जनता जोडतुती मोहल्ल्यात राहते, पुलापासून चौथ्या घरात. तिचं वय एकोणऐंशी. दाढी पांढरी, नीट कातरलेली. थंडीत गुडघे धरतात आणि डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं. सुनावणीला बसताना ती उजवा कान भिंतीकडे करते, म्हणजे भाषणाचा त्रास होत नाही. तिचं नाव हमरोकुल. मोहल्ल्यात सगळे बुवा म्हणतात.

बुवा जनता झाले ते अपघाताने. बारा वर्षांपूर्वी रेशीम गिरणीच्या गोदामातून निवृत्त होऊन ते पेन्शनच्या एका कागदासाठी हाकीमकचेरीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीच्या, बोळात बसले होते. आतल्या खोलीत बाजारचौकातल्या कारंज्यावर जनसुनावणी होती. साहेब आले होते, नकाशा आला होता, पाण्याच्या बाटल्या आल्या होत्या. फक्त जन आले नव्हते. दोन वेळा बोळात डोकावून गेलेल्या कारकुनाला तिसऱ्यांदा पांढरी दाढी आणि नवी काळी टोपी दिसली.

"बुवा, पाच मिनिटं आत बसता का? चहा आहे."

बुवा बसले. बोलणाऱ्याने श्वास घेतला की मान हलवायची, एवढं त्यांना गोदामातल्या चाळीस वर्षांनी शिकवलं होतं. शेवटी साहेबांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" यजमानाने विचारावं आणि कुणीच उत्तर देऊ नये, हे बुवांच्या संस्कारात बसेना. ते उठले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आणि हे सुरू कधी होणार?"

साहेबांचा चेहरा उजळला. त्या एका प्रश्नात होकार होता, उत्सुकता होती, आणि हरकतीचा कुठे मागमूस नव्हता. असा प्रश्न विचारणारी जनता सरकारला रोज भेटत नाही.

तेव्हापासून पांढरी गाडी बुवांना न्यायला येऊ लागली. कारंजं झालं. त्यात पाणी कधी आलं नाही, पण उन्हाळ्यात बायका तिथे जर्दाळू वाळवतात, तेव्हा त्याचा उपयोग नाही असं म्हणता येणार नाही. बाग झाली, तिची सगळी बाकं कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून बसवली गेली. सायकलींचा रस्ता झाला, त्यावर खरबूजवाले बसले. प्रत्येक सुनावणीच्या फोटोत पहिल्या रांगेत बुवा होते: हिवाळ्यात गर्द निळा चपान, म्हणजे लांब अंगरखा, उन्हाळ्यात पांढरा सदरा, आणि तीच ती उत्सुक मान. पैसे त्यांना कधी मिळाले नाहीत. मिळायचा तो पुलाव, एक वही, एक पेन आणि 'आपलं शहर, आपला निर्णय' असं छापलेली कापडी पिशवी. घरात अशा एकोणीस पिशव्या आहेत. होसियत-बुवी त्यांत कांदे ठेवते.

होसियत-बुवी म्हणजे बुवांची बायको. चारचौघांत ती नवऱ्याला 'अहो' म्हणते. घरात, चिडली की, 'जनता'.

"जनता उठली का? जनतेने जरा कोंबड्यांना दाणे घालावेत. की त्यावरही सुनावणी घ्यायची?"

"तुला त्यातलं कळत नाही, होसियत. माझं मत विचारतात लोक."

"मत विचारतात? बारा वर्षांत तुम्ही एकच प्रश्न विचारलात, तोही तारखेचा."

बुवा कोंबड्यांना दाणे घालायला उठत. गोदामात चाळीस वर्षं त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. इथे पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची खुर्ची होती. माणसाला म्हातारपणी खुर्चीची ऊब लागते. ती कुणाच्या कामाची आहे, हे तो फार विचारत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी मोहल्ल्यातले मामासोली बुवा गेले आणि हमरोकुल बुवा सगळ्यांत थोरले झाले. आता लग्न असो, बारसं असो, सुनावणी असो, जेवणानंतर हात उचलून दुवा मागायचा मान त्यांचा. थोरल्याने तळवे वर केले की सगळे करतात. त्याने 'आमीन' म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवले की सगळे फिरवतात. मगच दस्तरखानावरून, म्हणजे जेवणाच्या पंगतीवरून, उठायचं.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला शेजारच्या शाळेत 'विषय क्रमांक चौदा' नावाची सुनावणी झाली. शहाण्णव माणसं होती; त्यांतले बहुतेक शाळेचे शिक्षक, ज्यांना मुख्याध्यापकांनी जनता व्हायला सांगितलं होतं. पडद्यावर एक जाड निळी रेघ होती. बुवांनी नकाशाकडे पाहिलं नाही. नकाशा मागच्या रांगेसाठी असतो. त्यांनी मान हलवली, छातीवर हात ठेवून विचारलं, "आणि हे सुरू कधी होणार?" टाळ्या झाल्या. पुलाव झाला. मग बुवांनी तळवे वर केले.

"शहरात बरकत येवो. लेकरं निरोगी राहोत. घराघरांत पाणी खेळो."

शहाण्णव माणसांचे तळवे वर गेले. हाकीमकचेरीतला इक्बोल, लोकसहभाग विभागाचा तरुण अधिकारी, फोन घेऊन खुर्चीवर चढला होता.

"बुवा, एक क्षण. तसेच राहा. थोडे आणखी वर."

बुवा तसेच राहिले. फोटोसाठी दुवा थोडी लांबवायची त्यांना सवय होती.

दहा दिवसांनी सकाळी होसियत-बुवी पाणी शिंपडायला दाराबाहेर आली आणि तिथेच थबकली. दारापुढून पाट वाहतो, आम्ही त्याला अरीक म्हणतो. पाटाच्या काठावर दोन तुती आहेत, एकमेकींत वाढलेल्या. मोहल्ल्याला नाव त्यांनीच दिलं. दोन्ही बुंध्यांवर लाल रंगाची वर्तुळं होती. पाटाच्या कडेने खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि एक मुकादम दोरी ताणत होता.

"हे काय चाललंय, भाऊ?"

"पदपथ, आजी. पाट बुजवून वर फरशी. जोडतुती पदपथ."

"आणि तुती?"

"त्या मधे येतात."

बुवीच्या घरात मांडणीवर रेशमाच्या अळ्या होत्या, तांदळाएवढ्या, नुकत्याच फुटलेल्या. दर वसंतात ती पेटीभर अंडी आणते आणि महिनाभर, दिवसा आणि रात्री, त्या दोन तुतींचा पाला खाऊ घालून कोष तयार करते. सत्तावीस वर्षं. पाट बुजला की तुती जाणार. तुती गेल्या की अळ्या आठवडाभरही जगणार नाहीत, आणि पुढच्या वसंतात पेटी आणायला कारण उरणार नाही.

ती आत आली. बुवा चहात नवोत, म्हणजे खडीसाखर, विरघळवत बसले होते.

"अहो, विषय क्रमांक चौदा काय होता?"

"काहीतरी रस्त्याचं. का?"

"बाहेर जाऊन बघा, जनता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलंय. सुरू झालंय."

बुवा त्याच दिवशी हाकीमकचेरीत गेले. पांढरी गाडी आली नव्हती, म्हणून दोन बस बदलून. इक्बोलने उठून दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, पियाला अर्धाच भरला, कारण मानाच्या पाहुण्याला चहा थोडा थोडा पुन्हा पुन्हा द्यायचा असतो. मग फाईल काढली. वरच फोटो होता: मधोमध बुवा, चेहऱ्यावर भक्तिभाव, दोन्ही हात खांद्यांच्या वर.

"बघा बुवा, काय सुंदर आलाय. नवी यंत्रणा आली आहे आता, फोटो चढवला की ती आपणच हात मोजते. हजर शहाण्णव, बाजूने एकशे ब्याण्णव. सहभाग दोनशे टक्के! वरून अभिनंदनाचं पत्र आलं."

"अरे, ती दुवा होती!"

"माहीत आहे ना मला."

"मग?"

"फॉर्मात दुवेचा रकाना नाही, बुवा. 'बाजूने' आणि 'विरुद्ध' एवढेच आहेत. आणि विरुद्ध म्हणजे हात खाली. तुमचे तर आभाळाला लागले होते."

बुवांनी पियाला खाली ठेवला. "माझ्या दारची झाडं आहेत ती, इक्बोल. माझ्या बायकोचा पाला."

इक्बोलला खरंच वाईट वाटलं असावं. त्याने फाईल मिटली. "नियमात एक वाट आहे. हरकतदार पुन्हा सुनावणी मागू शकतो. जागा, माणसं आणि पुलाव हरकतदाराचा. नायब हाकीमसाहेबांना मी घेऊन येतो. पण काम पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या पुढे थांबवता येणार नाही."

म्हणजे सुनावणी फार तर सहा मेला. तोवर अळ्या कात टाकण्याच्या शेवटच्या झोपेतून उठलेल्या असणार, आणि उठल्या की त्या घर खाऊन टाकतात.

बुवा मोहल्ल्यात दारोदार फिरले. बारा वर्षं त्यांनी जे जोडलं होतं ते त्यांना पहिल्यांदा दिसलं. लोक दार उघडत, त्यांचं पूर्ण ऐकायच्या आधीच म्हणत, "हो हो बुवा, कुठे सही करू?"

"सही नको. विरोध करायचाय."

"असं. वरून विरोध करायला सांगितलाय का?"

"वरून नाही. मी सांगतोय."

लोक हसत. काहींनी डोळा मारला. एकाने विचारलं, "पुलावात मांस मेंढीचं की गाईचं?" आणि मेंढीचं म्हटल्यावर घरातली सगळी माणसं यायचं कबूल केलं.

झेबी-खोलाने मात्र दार उघडून त्यांना उंबऱ्यातच उभं केलं. ती भाकरीवाली. तिचा तंदूर कोपऱ्यावर होता, सायकलींच्या रस्त्यासाठी तो पाडला.

"या, जनता साहेब. आता काय पाडायचंय?"

"झेबी, आमच्या दारच्या तुती चालल्या."

"अरेरे. सुनावणी झाली नव्हती का?"

"झाली."

"तुम्ही होतात?"

"होतो."

"माझ्या तंदुराच्या सुनावणीलाही होतात. मी शेवटच्या रांगेत हात वर करून उभी होते, मला बोलायचं होतं. साहेबांनी मला बाजूने मोजलं. तुम्ही विचारत होतात, सुरू कधी होणार." तिने दार लोटलं, मग पुन्हा थोडं उघडलं. "गाजरं कधी चिरायचीत?"

"पाच तारखेला संध्याकाळी."

"येईन. सुरी अजून माझ्याकडे आहे."

सहा तारखेला सकाळी अकरा वाजता त्या दोन तुतींखाली, पाटाच्या काठाने लाकडी चौथरे मांडले, वर गाद्या आणि दस्तरखान. अडुसष्ट माणसं आली. नायब हाकीम तुरगुनोव आले. मोठा, हसरा, उतावळा माणूस. त्यांना दोन वाजता नव्या बसथांब्याची फीत कापायची होती, तिथे बँडवाले उभे होते. घरात अळ्या पाला खात होत्या. त्यांचा आवाज उघड्या खिडकीतून बाहेर येत होता, बारीक वाळू सांडावी तसा.

बुवा बोलायला उठले. आठ दिवस त्यांनी वाक्यं पाठ केली होती: पाटाचं, झाडांचं, सत्तावीस वर्षांचं. होसियत-बुवी समोरच्या चौथऱ्यावर बायकांत बसली होती, आणि तिने हातातलं काम खाली ठेवलं होतं. बुवांनी छातीवर हात ठेवला. तुरगुनोव त्यांच्याकडे बघून मायेने हसले. आणि बुवांच्या तोंडून, कुणी मागून ढकलावं तसं, बाहेर पडलं, "आणि हे... हे सुरू कधी होणार?"

मग हशा फुटला. तुरगुनोव टाळ्या वाजवत म्हणाले, "उद्याच, बुवा, उद्याच! अशी जनता असावी!"

बुवा खाली बसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. होसियत-बुवीने त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. झेबी-खोला कुणाला तरी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हणजे गाजरं फुकट चिरली."

पुलाव आला. लोक मनापासून जेवले; आमच्याकडे दुःखाने भूक मरत नाही. बोटं पुसली गेली, चहा फिरला. दीड वाजला. तुरगुनोवांनी घड्याळ पाहिलं, इक्बोल फोन घेऊन खुर्चीवर चढला, आणि सगळ्यांचे डोळे बुवांकडे वळले.

बुवांचे हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच राहिले.

"बुवा," इक्बोल हळूच म्हणाला, "दुवा."

"चहा घे बाळा. घाई काय आहे?"

पुन्हा चहा फिरला. पावणेदोन झाले. तुरगुनोव हसत हसत म्हणाले, "बुवा, आम्हाला निघायला हवं. तुमच्या आशीर्वादाशिवाय कसं उठणार?"

"तेच म्हणतो मी," बुवा म्हणाले. "कसं उठणार."

दुवेशिवाय दस्तरखानावरून उठणारा माणूस आमच्याकडे दोन प्रकारचा असतो, भांडून जाणारा किंवा धाड घालायला आलेला. तुरगुनोवांना दोन्ही परवडणारं नव्हतं. त्यांची सासू तीन गल्ल्या सोडून राहते. शेवटी त्यांनीच तळवे वर केले, मोठ्याने म्हणाले, "चला तर, शहरात बरकत..."

कुणीच हात उचलला नाही. थोरला बसलेला असताना कोण उचलणार? इक्बोलने सवयीने फोटो काढून टाकला. त्याच्या यंत्रणेने मोजले ते हात दोन.

तुरगुनोवांनी हात खाली घेतले. त्यांचा फोन गाद्यांखाली गुरगुरत राहिला. दोन वाजले, अडीच. बँडवाल्यांनी वाजवून घेतलं असं कळलं. घरून भाकऱ्या आल्या, कुणीतरी मुळा चिरला. गप्पा लागल्या. झेबी-खोलाने तिच्या तंदुराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि नायब हाकीमला ती पूर्ण ऐकावी लागली, कारण जायला जागाच नव्हती. मग दुसऱ्याने भिंतीकडे तोंड केलेल्या बाकांचं काढलं. तिसऱ्याने कारंज्याचं. बारा वर्षांत पहिल्यांदाच सुनावणीत काहीतरी ऐकू येत होतं.

साडेचारला तुरगुनोवांच्या पायांना मुंग्या आल्या.

"बुवा, तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

बुवा जागेवर सावकाश वळले. उजवा कान त्यांनी साहेबांकडे केला. "माझं म्हणणं नाही. तुम्ही लिहा, मी ऐकतो."

तुरगुनोवांनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, गुडघ्यावर ठेवून लिहिलं. इक्बोलने वाचून दाखवलं: पाट आणि दोन्ही तुती जागच्या जागी राहतील. पदपथ रस्त्याच्या पलीकडून जाईल.

"खाली सही?"

"आहे, बुवा."

"तारीख?"

"टाकतो, बुवा."

मग बुवांनी तळवे वर केले. अडुसष्ट माणसांचे हात त्यांच्यामागे गेले, होसियत-बुवीचेही. ही दुवा बुवांनी लांबवली नाही. तरी इक्बोलने तेवढ्यात फोटो घेतलाच.

वर्षअखेरीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तो छापून आला. खाली लिहिलं आहे: 'नागरिकांच्या इच्छेनुसार हरित वारशाचं जतन. सहभाग दोनशे टक्के.' पदपथ पलीकडून चाळीस पावलं गेला आणि शाळेच्या भिंतीला जाऊन थांबला. त्याचं नाव जोडतुती पदपथच आहे. झेबी-खोलाचा तंदूर मात्र परत उभा राहिला नाही. त्यावर वेगळी सुनावणी होईल असं कळवलं आहे.

हाकीमकचेरीने आपल्या परीने धडा घेतला. आता निमंत्रणात खाली बारीक अक्षरात असतं: 'दुवा सभेच्या सुरुवातीला होईल. पुलावाऐवजी बिस्किटं.' पहिल्या रांगेत गुरांचे एक निवृत्त डॉक्टर बसतात. दाढी अजून नीट पिकलेली नाही, पण मान छान हलवतात.

पांढरी गाडी जोडतुती मोहल्ल्यात येत नाही. तरी या वसंतात एकदोनदा मी बुवांना पाहिलं, अकराच्या सुमाराला निळा चपान घालून, टोपी झटकून, पुलाच्या दिशेने बघत दारात उभे. लाल वर्तुळं तुतींवर तशीच आहेत. बुंधा वाढला तशी जराशी लांबट झाली आहेत.

परवा मी पाहत असतानाच आतून होसियत-बुवी दोर आणि कोयता घेऊन बाहेर आली. अळ्या कालच उठल्या होत्या.

"अहो, शिडी धरा. पाला काढायचाय."

बुवांनी चपान उतरवून खुंटीला टांगला, शिडी बुंध्याला लावली आणि दोन्ही हातांनी धरली.

"सुरू कधी करणार?" त्यांनी विचारलं.

"झालंय सुरू," ती वरून म्हणाली. "घट्ट धरा."